बॅकअपचा रोजचा रिपोर्ट मालकाला एका पानात पाहिजे, कसा काढू?

हिंगणेवाला (सोमवार, रात्री ७:५०)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याचं कॉम्प्युटरचं सगळं मीच पाहतो, सर्व्हर मीच, प्रिंटर मीच, सीसीटीव्ही बंद पडला की शिडी घेऊन तोही मीच. ११ मशीनचा बॅकअप रात्री नेटवर्कवरून एका डेबियन सर्व्हरवर येते, अमांडा नावाचं बॅकअप सॉफ्टवेअर वापरतो, साडेअकराला क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारं) सुरू होते नं अडीच-तीनपर्यंत आटपते. खऱ्या टेप नाही, एका मोठ्या डिस्कवर १५ व्हीटेप, म्हणजे टेपसारखे वापरायचे फोल्डर, बनवल्या आहे, रोज रात्री एक, पंधरा झाल्या की पुन्हा पहिलीवर. फुल बॅकअप, म्हणजे सगळंच नव्याने, ७ दिवसांत एकदा फिरते.

आता मालक म्हणून राहिले की मला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एका पानात पाहिजे, बॅकअप झाला का नाही झाला. अमांडाचा मेल जसाच्या तसा फॉरवर्ड केला तर म्हणे, हे काय रेल्वेचं टाइमटेबल पाठवलं बे. खरं सांगतो, मी पण वाचत नाही तो मेल. फिल्टर लावून ठेवला, फोल्डरमध्ये जाऊन पडते, आता सातशेच्या वर न उघडलेले असतील. कोणाजवळ स्क्रिप्ट आहे का ज्याच्यातून फक्त हो का नाही निघेल?

तर्री_पोहे (सोमवार, ८:०२)

स्क्रिप्ट कायले लागते भाऊ. अमांडाच्या कॉन्फिगमध्ये 'सेंड ॲमरिपोर्ट ऑन' नावाची सेटिंग असते, ती 'ऑल'ची 'एरर' करून टाक. काही फेल झालं तरच मेल येईल. मेल नाही म्हणजे मजा आहे, झोप.

गांधीबाग_नेटवर्क (सोमवार, ८:११)

मेलला कापत बसू नको, हे आधीच सांगतो, कारण मी ते करून पस्तावलो आहे. तो मेल म्हणजे ॲमरिपोर्ट नावाच्या कमांडचं आउटपुट आहे, ॲमडंप, म्हणजे रात्रीचा बॅकअप, संपलं की तीच शेवटी चालते नं त्या रात्रीची लॉग फाइल वाचून सगळं मांडते. मेल माणसाला वाचायला बनवला आहे, त्यातले कॉलम इकडेतिकडे सरकतात, डिस्कचं नाव लांब असलं की कापल्या जाते, मग तुझी ऑक (ओळीतून कॉलम उचलणारी कमांड) तिसऱ्या कॉलमला लेव्हल (० म्हणजे फुल, १ म्हणजे फुलनंतर बदललेलं तेवढंच) समजून भलतंच काही उचलते. लॉगमधली ओळ मात्र सरळ असते, आधी सक्सेस, फेल, स्ट्रेंज असा शब्द, मग कोणी लिहिली ते, म्हणजे अमांडाच्या प्लॅनरने का डंपरने का टेपरने, मग मशीन, डिस्क, तारीख, लेव्हल, नं कंसात सेकंद आणि केबी. ती वाच.

आणि जुन्या रात्रीचा रिपोर्ट परत पाहिजे असला तर ॲमरिपोर्टला एल ऑप्शन देऊन त्या तारखेची लॉग फाइल दे, तसाच्या तसा निघते. मेल डिलीट झाला म्हणून रडायचं काम नाही. लॉग डिरेक्टरीत फाइल दिसली नाही तर ओल्डलॉगमध्ये पाहायची, टेप पुन्हा वापरल्या गेली की त्या तारखेची लॉग तिथे सरकते.

रामनगरची_ताई (सोमवार, ८:१९)

तर्री_पोहे, तुझा सल्ला ऐकून मला घाम फुटला. फक्त एररवरच मेल ठेवला नं सर्व्हरच बंद पडला तर? क्रॉनच उडाला तर? मेल सर्व्हरचा पासवर्ड बदलला तर? तिन्ही वेळेस मेल येत नाही नं तू झोपलेला. माझ्या आधीच्या नोकरीत असंच होतं, पाच आठवडे शांतता होती नं सगळे खुश होते.

रिपोर्ट रोज आलाच पाहिजे आणि नाही आला तर दुसऱ्याच कोणत्या मशीनने बोंब मारली पाहिजे. स्क्रिप्टच्या शेवटी बाहेरच्या एखाद्या पिंगवाल्या सर्व्हिसला हजेरी लावायची, सकाळी सातपर्यंत हजेरी नाही लागली तर ती सर्व्हिस तुला एसएमएस करते.

हिंगणेवाला, कालच्या मेलमधला डंप समरीचा तुकडा टाक नं इथे, मशीनची नावं बदलून. किती जागा आहे, काय काय आहे ते पाहिल्याशिवाय स्क्रिप्टचं काय सांगू.

तर्री_पोहे (सोमवार, ८:२३)

ताई मी घरच्या दोन लॅपटॉपचं सांगून राहिलो होतो 🙏

हिंगणेवाला (सोमवार, ८:४१)

यादीत २३ जागा (मशीन नं त्यातला फोल्डर मिळून एक) आहे, सगळ्या नाही टाकत. रविवार रात्रीच्या. मशीन, फोल्डर, लेव्हल, मूळ केबी, कॉम्प्रेस झाल्यावर केबी, याच क्रमाने:

ईआरपी, डेटाबेस-डंप, ०, ९१४३२८०, १८८७७४१
अकाउंट, टॅली, १, ४१२९६०, ९७३१८
फाइल, डिझाइन, १, २२०७१४०, १६४००९३
फाइल, जुने-ड्रॉइंग, १, १०, १
एचआर, होम, १, १०, १
गेट, कॅमेरा-कॉन्फिग, ०, ३५१०, ६०२

बाकी अशाच. खाली नोट्समध्ये प्लॅनरने एक फुल डंप दोन दिवस आधी ओढला असं काही लिहिलं आहे, ते नेहमीच असते. फेल एकही नाही. स्ट्रेंज एक आहे, डिझाइनमध्ये 'वाचता वाचता फाइल बदलली', रात्रपाळीचे पोट्टे कॅड उघडं ठेवून जातात.

बुटीबोरी_नाइटशिफ्ट (सोमवार, ८:४८)

आमच्याकडे अमांडा नाही, साधं आरसिंक (फाइल कॉपी करणारा प्रोग्रॅम) आहे, स्टॅट्स ऑप्शन लावतो. एकच सांगतो, एक्झिट कोड (काम संपल्यावर प्रोग्रॅम देतो तो आकडा) शून्य नसला की लाल असं करू नको. २४ येते तेव्हा कॉपी सुरू असताना मधेच फाइल गायब झाली एवढंच असते, टेंप फाइल असतात त्या, रोज येते. २३ आला तर खरंच काही फाइल गेल्या नाही, तिथे बघावं लागते. दोन्हीला एकच लाल रंग दिला तर आठ दिवसांत माणूस लाल पाहणंच सोडून देते.

रामनगरची_ताई (सोमवार, ८:५२)

हिंगणेवाला, जुने-ड्रॉइंग नं एचआर, दोन्हीकडे १० केबी आहे. हे दहा कुठून येते माहीत आहे का? टार (फाइलींचा एक गठ्ठा बांधणारा प्रोग्रॅम) ५१२ बाइटचे २० ब्लॉक एका वेळेस लिहिते, म्हणजे त्याचं सगळ्यात छोटं आर्काइव्ह १०२४० बाइटचं, नेमकं १० केबी. म्हणजे टारला घ्यायला काहीच सापडलं नाही.

लेव्हल १ ला हे चालते, काल काही बदललंच नाही तर काही येणार नाही. पण लेव्हल ० ला, फुलला, १० केबी आला तर तो फोल्डर रिकामा आहे. या दोन्हीचा शेवटचा फुल किती केबीचा होता ते सांग. ॲमॲडमिन कमांडला इन्फो दे नं मशीन आणि डिस्कचं नाव दे, लेव्हलप्रमाणे तारीख नं साइज दाखवते.

हिंगणेवाला (सोमवार, ८:५५)

एचआरचं ठीक आहे ताई, मॅडम सुट्टीवर आहे. पाहतो.

हिंगणेवाला (सोमवार, ९:०४)

ताई. एचआर फुल २ जीबीच्या वर. जुने-ड्रॉइंग, लेव्हल ०, मागच्या बुधवारचा, १० केबी.

गांधीबाग_नेटवर्क (सोमवार, ९:०५)

आजचा क्रॉन बंद कर. आत्ता. आधी बंद कर मग बाकी वाच.

रामनगरची_ताई (सोमवार, ९:०७)

हो, आधी ते. मग त्या मशीनवर डीएफ कमांड मारून पाहा की तो फोल्डर ज्या डिस्कवर आहे ती माउंट, म्हणजे जोडलेली, तरी आहे का. आणि ॲमॲडमिन फाइंड चालव, त्याच्या आधीचा फुल कोणत्या व्हीटेपवर आहे ते बघ.

तर्री_पोहे (सोमवार, ९:१५)

माझ्याच हाताला घाम आला, त्याला काय होऊन राहिलं असेल

हिंगणेवाला (सोमवार, ९:५८)

क्रॉन बंद केला. घरून निघून कंपनीत आलो, रिमोटवर जीव लागत नव्हता.

झालं असं. मागच्या नाही, त्याच्या मागच्या शुक्रवारी संध्याकाळी वादळ आलं होतं, नवतप्यातलं (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतलं), आठवत असेल सगळ्यांना, अर्ध्या नागपूरची लाइन गेली होती. आमचा यूपीएस २० मिनिटांवर मेला, सगळे सर्व्हर बसले, लाइन आल्यावर उठले. फाइल सर्व्हरची दुसरी डिस्क, ज्याच्यावर जुने ड्रॉइंग आहे, ती उठलीच नाही. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) मीच नोफेल लिहून ठेवलं होतं, की डिस्क नाही सापडली तरी मशीन अडकू नये, तर मशीन अडकली नाही नं मला कळलंही नाही. फोल्डर जागेवर आहे, रिकामा. कान लावला तर डिस्क टक, टक, टक करून राहिली. २०१९च्या आधीचे साचे आहे सगळे, रोज कोणी उघडत नाही, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचा स्पेअर आला तरच.

आधीचा फुल १२ दिवसांपूर्वीच्या बुधवारचा आहे, ९ नंबरच्या व्हीटेपवर. १५ टेप आहे. मोजून पाहिलं, गुरुवारी रात्री अमांडा त्याच टेपवर लिहिणार होती.

रामनगरची_ताई (सोमवार, १०:०६)

आणि तुला तिने सावध पण केलं नसतं. एरवी शेवटचा फुल असलेली टेप पुसल्या जाणार असली की प्लॅनर नोट्समध्ये लिहिते, इतक्या रनमध्ये ओव्हरराइट होईल म्हणून. पण तिच्या हिशेबाने शेवटचा फुल मागच्या बुधवारचा, १० केबीवाला, तो तर ताजा आहे नं सक्सेस आहे. खोटं काही बोलली नाही बिचारी.

९ नंबरवरून ॲमफेचडंपने फुल काढ, त्यावर गुरुवारचा लेव्हल १ चढव, तो वादळाच्या आधीचा आहे. दुसऱ्या डिस्कवर काढ. त्या टक टक वालीला हात लावू नको, बंद करून बाजूला ठेव.

नवतपा४७ (सोमवार, १०:२०)

माझ्या नावावर बिल फाडून राहिले का सगळे 😄 पण सिरियसली, सर्व्हर रूमचा एसी रात्री बंद करता का? आमच्या साहेबांनी लाइट बिलासाठी बंद करायला लावला होता, एका उन्हाळ्यात दोन डिस्क गेल्या मग कूलर आणून ठेवला, कूलर! सर्व्हर रूममध्ये! खस लावून!

हिंगणेवाला (मंगळवार, पहाटे १:३५)

आले. ३१ जीबी. दीड तास लागला. पाच-सहा जुने साचे उघडून पाहिले, उघडतात. ताई, गांधीबाग भाऊ, तुम्ही कधी या इकडे, पोहे माझ्याकडून. तुकडा मागितला नसता तर मी इथून स्क्रिप्ट उचलून हो का नाही काढत बसलो असतो नं ते रोज 'हो'च आलं असतं.

धंतोली_सीए (मंगळवार, सकाळी १०:१२)

रात्रीचं सगळं आत्ता वाचलं. बरं झालं सुटलात. माझं थोडं वेगळं आहे पण रिपोर्टशी संबंध आहे म्हणून लिहितो.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हे पान फक्त मालकाच्या व्हॉट्सॲपपुरतं नाही. कंपनीज अकाउंट्स रूल्स २०१४, नियम ३, पोटनियम ५, हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा. आधी तिथे ठराविक काळाने असा शब्द होता, ऑगस्ट २०२२ मध्ये तो बदलून रोजच्या रोज केला. प्रोप्रायटरी नं पार्टनरशिपला हा नियम नाही. आता आम्ही ऑडिटला येतो तेव्हा विचारतो की दाखवा रोज घेतल्याचं, तर समोरचा पेनड्राइव्ह दाखवतो. पेनड्राइव्हवरून मला काय कळणार की १४ नोव्हेंबरला घेतला होता का.

तुमच्याकडे रोजची लॉग आहे हे फार आहे. फक्त महिन्याचा एक कागद पाहिजे, ३० तारखा, प्रत्येकीसमोर हिशेबाच्या मशीनचं आलं का नाही आलं, नं नाही आलं तर कारण. कारणाची जागा रिकामी नको. आणि लॉग फाइल पटकन पुसू नका, सर्ट-इनचे (सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेत, सिस्टिमच्या लॉग १८० दिवस ठेवायला सांगितल्या आहेत.

गांधीबाग_नेटवर्क (मंगळवार, १०:४०)

सीए साहेब, 'नाही आलं' हे कळायचं कसं तीच तर गोम आहे. आरसिंकवाल्यांची स्क्रिप्ट लॉगमध्ये जे आहे तेच मोजते, जे चाललंच नाही ते लॉगमध्ये नसते, मग टोटल मारली की सगळं शंभर टक्के. मोजणी नेहमी यादीपासून सुरू करायची, लॉगपासून नाही. अमांडाचं हे एक बरं आहे, ॲमरिपोर्ट डिस्कलिस्ट (बॅकअप घ्यायच्या जागांची यादी) घेऊन बसते नं ज्याचा निकालच सापडला नाही त्याच्यासमोर 'रिझल्ट्स मिसिंग' छापते.

पण डिस्कलिस्टमध्येच नसलेली मशीन कोणी छापणार नाही. नवीन लॅपटॉप आला, यादीत टाकायचा राहिला, तर त्याचं दुःख कोणालाच नाही. खरेदीच्या रजिस्टरशी तीन महिन्यांतून एकदा यादी लावून पाहा.

बुटीबोरी_नाइटशिफ्ट (मंगळवार, ११:०५)

कबूल. माझी स्क्रिप्ट तशीच आहे, लॉगमधूनच मोजते. आज दुपारी बदलतो.

हिंगणेवाला (मंगळवार, रात्री ९:३०)

आज बसून लिहिली. आधी डिस्कलिस्टमधल्या २३ जागा घेते, मग लॉगमध्ये प्रत्येकीचा निकाल शोधते, लेव्हल ० असेल तर आधीच्या फुलांच्या सरासरीशी लावून पाहते, निम्म्याच्या खाली गेला की वर आणते. युनिट जीबी ठेवू का, मालकाला केबी कळत नाही, कॉन्फिगमध्ये डिस्प्लेयुनिट म्हणून सेटिंग दिसली.

रामनगरची_ताई (मंगळवार, ९:४४)

मालकाच्या पानावर जीबी लिही, पण ते तुझ्या स्क्रिप्टमध्ये भागून घे. अमांडाच्या रिपोर्टचं युनिट बदलू नको. तिथे जीबी केलं की १० केबीचं ०.० होईल नं ३५१० केबीचं पण ०.० होईल, मग तुझा कॅमेरा-कॉन्फिग नं रिकामा फोल्डर एकसारखे दिसतील.

नं सरासरी नको, मधला आकडा घे, मीडियन. एक फुल चुकून दुप्पट आला तर सरासरी ओढल्या जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो फुल संशयित म्हणून वर आला तो पुढच्या हिशेबात धरायचा नाही जोपर्यंत तू स्वतः ठीक आहे म्हणत नाही. नाहीतर १० केबी चार-पाच आठवडे आला की १० केबीच मीडियन होईल नं स्क्रिप्ट गप्प बसेल. तिला सवय होते बाबा, माणसासारखी.

तर्री_पोहे (मंगळवार, ९:५०)

ताई तुम्ही शिकवणी का नाही घेत

हिंगणेवाला (बुधवार, सकाळी ८:१५)

मीडियन केला. 'ठीक आहे' म्हणायला एक वेगळी फाइल ठेवली, त्यात हाताने तारीख टाकतो. क्रॉन काल रात्री परत सुरू केला, ९ नंबरची व्हीटेप ॲमॲडमिनने नो-रियूज करून ठेवली, नवीन डिस्क येईपर्यंत ती टेप राखीव. आज सकाळी मालकाला गेलेलं पान:

'बॅकअप, मंगळवार रात्र. ११:३० ते २:५२.
२३ पैकी २३ आले.
बघायचं आहे: १. अकाउंट, टॅली: फुल २.१ जीबी, नेहमी ६.४ जीबी.
किरकोळ: १. डिझाइन, फाइल उघडी होती.
शेवटचा काढून पाहिलेला बॅकअप: जुने-ड्रॉइंग, सोमवार.'

शेवटची ओळ माझी मीच टाकली. दर आठवड्याला एक जागा खरंच काढून पाहायची नं त्याची तारीख तिथे, तारीख जुनी झाली की लाजच वाटली पाहिजे. मालकांनी अंगठा पाठवला नं खाली विचारलं, टॅली का कमी झालं.

धंतोली_सीए (बुधवार, ८:३१)

टॅलीचं मला पण सांगा. कंपनीचे फोल्डर असतात, नुसत्या आकड्यांच्या नावाचे, सगळे जागेवर आहेत का ते आधी बघा.

हिंगणेवाला (बुधवार, ११:२०)

आहे सगळे. अकाउंटच्या काकांना जाऊन विचारलं. म्हणे डिस्क फुल झाल्याचा मेसेज येत होता म्हणून सोमवारी त्यांनी त्याच फोल्डरमधले टॅलीचे जुने बॅकअप उडवले, पेनड्राइव्हवर घेतल्यावर. पेनड्राइव्ह कुठे आहे विचारलं तर ड्रॉवर उघडून शोधून राहिले आहे अजून. तोपर्यंत ते उडवलेले मी मागच्या फुलमधून काढायला लावले. स्क्रिप्टमध्ये 'ठीक आहे' नाही लिहिलं अजून.